पहिल्या पावसाचा वास आणि पिंपरीच्या नावाचा जंतू

मे महिन्याच्या शेवटी सांगवी फाट्यावर वळीव येतो, तेव्हा मी मुद्दाम रिक्षा करत नाही. चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली उभी राहते. समोर औंधच्या उरो रुग्णालयाचं आवार. कागदावर ‘उरो’, बोलताना सगळ्यांचंच ‘चेस्ट हॉस्पिटल’. आधी वारा सुटतो, धूळ डोळ्यांत जाते, पत्रे वाजतात. मग रुपयाएवढे चार थेंब. आणि मग तो वास. घाईत असलेली माणसंसुद्धा क्षणभर थांबतात, छाती भरून श्वास घेतात. बाकावर बसलेली, रुग्णालयाची फाइल पदराखाली झाकून धरलेली एखादी बाईही घेते. तिला तो खोल घेता येत नाही, मध्येच खोकला येतो, पण घेते.

हा वास मातीचा, असं आपण म्हणतो. मृद्गंध असा देखणा शब्दही त्याला आहे. कनौजचे अत्तरवाले तो कुपीत भरून विकतात. पण नुसत्या मातीला असा वास नसतो.  तो मुख्यतः मातीत राहणाऱ्या जिवाचा वास आहे. त्या जिवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. जात जिवाणूची, पण वाढायची तऱ्हा बुरशीची. पांढुरक्या धाग्यांचं जाळं विणत तो मातीच्या कणाकणांतून पसरतो. ओल संपली, अन्न संपलं की धाग्यांच्या टोकांना बारीक बीजं धरतो आणि त्याच सुमारास एक द्रव्य बनवतो. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी ते वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं जिओस्मिन, म्हणजे भूमीचा गंध. उन्हाळाभर ते कोरड्या मातीत साठून राहतं. थेंब आदळला की त्याच्याखाली हवा अडकते, तिचे बुडबुडे होतात आणि सोडा फसफसावा तसे वर येऊन फुटतात. त्या तुषारांवर बसून जिओस्मिन आपल्या नाकापर्यंत पोचतं. लाख कोटी भागांत त्याचे जेमतेम पाच भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं.

इथवर वाचलं तेव्हा मला मौज वाटली होती. नंतर ताडपत्रीखाली उभी असताना एकदा लक्षात आलं की समोरच्या आवारात क्षयाचे जे रुग्ण येतात, त्यांच्या रोगावर माणसाला मिळालेलं पहिलं खरं औषध याच जिवाच्या कुळातून आलं. त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. अंगावर सर्रकन काटा आला. वासही त्याचाच आणि औषधही त्याचंच.

आमच्या मामांना तरुणपणी क्षय झाला होता. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. ‘छातीचं’ असं म्हणत. नव्वद इंजेक्शनं घेतली, रोज एक, कमरेवर आलटून पालटून. बरे झाले, संसार केला, नातवंडं पाहिली. पण डाव्या कानात जन्मभर रातकिडे किर्र करत राहिले. स्ट्रेप्टोमायसिन जंतूला मारतं, त्याबरोबर कानाच्या आतल्या नाजूक पेशींनाही दुखावतं, हे मला फार उशिरा समजलं. मामा त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. कानावर हात ठेवून म्हणायचे, “ही जिवाची किंमत. दिली आणि सुटलो.”

क्षयाचा जंतू हट्टी का, हे काचपट्टीवर दिसतं. बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरतात, वाळवतात, ज्योतीवरून फिरवतात. त्यावर लाल रंग ओततात आणि वाफा येईपर्यंत काच खालून तापवतात. मग वरून आम्ल. आम्लाने पट्टीवरच्या सगळ्याचा रंग धुऊन जातो, एकट्या क्षयाच्या जंतूचा जात नाही. त्याच्या अंगावर मेणाचं जाड कवच असतं, एकदा आत गेलेला रंग ते बाहेर सोडत नाही. शेवटी निळा रंग. आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. निळ्या मैदानावर बारीक, किंचित वाकड्या लाल काड्या पडलेल्या दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी या जंतूचा शोध बर्लिनमध्ये जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. शत्रू कोण ते कळलं, पण हातात काठी नव्हती. पुढची साठ वर्षं उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती. आपल्याकडे ज्यांना परवडे ते पाचगणीच्या नाहीतर मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जाऊन पडत. बाकीचे घरातल्याच एका खोलीत.

पेनिसिलीन आलं तरी या जंतूचं काही बिघडलं नाही. पेनिसिलीन जंतूला स्वतःची भिंत बांधू देत नाही, भिंतीविना तो फुटतो. माणसाच्या पेशीला भिंतच नसते, म्हणून आपण सुरक्षित. पण मेणाच्या चिलखतातल्या या जंतूपुढे ते लुळं पडलं. हवा होता दुसराच मार्ग.

तो मार्ग मातीतून गेला. सेल्मन वाक्समन हे रटगर्सच्या शेतकी महाविद्यालयातले माणूस, जन्मभर मातीतल्या जंतूंचा अभ्यास केलेले. १९३२ मध्ये त्यांच्याकडे एक काम आलं: क्षयाचा जंतू मातीत पडला की त्याचं काय होतं ते बघा. उत्तर मिळालं की तो तिथे टिकत नाही. हजारो वर्षं माणसं क्षयाने मेलेल्यांना मातीत पुरत आली आणि माती तो रोग गुपचूप पचवत आली! यातून औषध निघेल हे उमगायला मात्र आणखी काही वर्षं गेली. १९४३ च्या ऑक्टोबरात वाक्समन यांचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ तळघरातल्या प्रयोगशाळेत एकटा बसून काम करत होता. त्याला एकाच जंतूचे दोन वाण मिळाले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आणि दुसरा कोंबडीच्या घशातून. त्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस. त्याचा रस क्षयाच्या जंतूला मारत होता. जंतूच्या पोटात प्रथिनं विणणारा एक माग असतो. हे औषध त्या मागावर जाऊन बसतं, नमुना चुकीचा वाचला जातो, भलतीच वीण निघते आणि जंतू मरतो.

१९५२ चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं. शाट्झला सहशोधक म्हणवून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. शोधाच्या पहिल्या निबंधावर या दोघांबरोबर एलिझाबेथ बुगी हेही नाव होतं. तिला तर कोणीच विचारलं नाही. मला ही तिन्ही नावं एका दमात घ्यावीशी वाटतात.

आता औषध खरंच गुण देतं का, हे ठरवायचं होतं. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी झालेली. स्ट्रेप्टोमायसिन आलं ते मोजक्यांना पुरेल इतकंच. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने त्या टंचाईतूनच वाट काढली. सगळ्यांना देता येत नाहीच, तर कोणाला द्यायचं ते डॉक्टरांच्या मर्जीवर सोडायचं नाही, बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर सोडायचं. १०७ रुग्ण. ५५ जणांना इंजेक्शन आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ जण गेले होते, दुसऱ्यातले १४. १९४८ मध्ये हे छापून आलं. आज कोणतीही लस, कोणतीही गोळी आपल्यापर्यंत येण्याआधी ज्या चाचणीतून जाते, तिचा पाया हाच. याच चाचणीने एक वाईट बातमीही सांगितली. पुष्कळ रुग्णांच्या अंगातले जंतू काही महिन्यांत औषधाला सरावले आणि दोन्ही गटांतलं अंतर पुढे कमी होत गेलं. एकट्या औषधाने क्षय हटत नाही, दोन-तीन औषधं जोडीने द्यावी लागतात, हा धडा तिथे मिळाला.

याच औषधाने आणखी एका रोगाची मान पिरगाळली. त्याची आठवण आमच्या या भागाच्या हाडात बसलेली आहे. तो रोग म्हणजे प्लेग.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसं मरत होती. जांघेतल्या गाठी पाहून ‘हा प्लेग’ असं पहिल्यांदा ठामपणे म्हणणारे डॉक्टर होते गोव्याचे अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. चार महिन्यांत मुंबईतच वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुण्याला मात्र आधी भेटली ती लस नव्हे, गोऱ्या शिपायांची झडती. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी त्याचं काय उत्तर दिलं ते इथल्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. २२ जून १८९७ च्या रात्री त्या झडत्यांचा मुख्य अधिकारी वॉल्टर रँड ज्या गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून परतत होता, ते सांगवीहून औंधमार्गे पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत. आणि त्या विद्यापीठाला नाव आहे त्याच वर्षी, त्याच प्लेगने गेलेल्या बाईचं.

सावित्रीबाई फुले यांचं वय तेव्हा सहासष्ट. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर. त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात, वस्तीबाहेर, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथवर चालत आल्या. चालताना त्या मुलाचा तापलेला श्वास त्यांच्या मानेवर येत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. प्लेग कसा लागतो याची खात्री तेव्हा कोणालाच नव्हती. तो जवळ गेल्याने लागतो एवढं सगळे जाणून होते, आणि त्या गेल्या. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्या दिवशी जगातल्या कुठल्याही कपाटात त्यांना वाचवेल असं औषध नव्हतं. ते होतं मातीत, पायाखालच्या प्रत्येक मुठीत त्याचं कूळ होतं, पण ते ओळखायला अजून सेहेचाळीस वर्षं लागायची होती.

आता एक तारीख बघा. १० मार्च १९५४. त्या दिवशी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची कागदोपत्री स्थापना झाली. सत्तावन्न वर्षांनी, तोच दिवस, तोच महिना. हा निव्वळ योगायोग आहे. तरी हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा मी कॅलेंडरासमोर बराच वेळ नुसती उभी होते.

पिंपरीत कंपनीचं पूर्ण नाव कोणी घेत नाही. एचए. एचए कॉलनी, एचएची शाळा, एचएचं मैदान. औषधं बनवणारा स्वतंत्र भारताचा हा पहिला सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे वर्षानुवर्षं सांगत होते की औषधं बाहेरून विकत घेत बसलो तर गरिबाच्या वाट्याला ती येणार नाहीत, आपणच करायला हवीत. १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलीन बनू लागलं.

आपण ‘बनवणं’ म्हणतो, पण ही सगळी शेतीच आहे. लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत उगवलेली बुरशी फार कंजूष होती. तिच्या एका मिलिलिटर रसात औषधाची जेमतेम दोन एककं निघत. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते टोचलं. औषध इतकं अपुरं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून पुन्हा त्यालाच द्यावं लागलं. तो सुधारत होता, औषध संपलं, तो गेला. मग अमेरिकेत पिओरिया गावी बुरशी आलेलं एक खरबूज मिळालं. त्याच्यावरची बुरशी कितीतरी पटींनी उदार निघाली. क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून तिचे आणखी दानशूर वाण काढले, नऊशे एककांपर्यंत गेले. आज जगात पेनिसिलीन पिकतं ते बहुतेक त्या खरबुजावरच्या बुरशीच्या वंशजांकडून.

तिला वाढवायचं म्हणजे पोलादाच्या उंच टाक्या, आत मक्याचं आंबवलेलं पाणी आणि साखर, सतत फिरणारा दांडा आणि खालून अखंड सोडलेली गाळलेली हवा. हवा तुटली तर बुरशी गुदमरते. हवेतला एखादा चुकार जंतू आत शिरला तर अख्खी टाकी नासते, दुधाच्या पातेल्यात लिंबाचा थेंब पडावा तशी. म्हणून वाफेने धुतलेले पाइप, बंद झडपा, रात्रपाळीला डोळ्यांत तेल घालून बसलेली माणसं. ती माणसं मावळातल्या, खेडच्या, मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची मुलं होती. बाप पावसाकडे डोळे लावून बसलेला आणि मुलगा हवेच्या दाबाच्या काट्याकडे. त्यांच्या हातून निघालेल्या कुप्यांतलं औषध न्यूमोनिया झालेल्या तान्ह्यांना गेलं, बाळंतिणींना गेलं. घसा दुखण्यावरून काळजाच्या झडपांवर जाणारा सांधेवाताचा ताप असलेल्या मुलांना गेलं. पुढे साठच्या दशकात याच आवारात स्ट्रेप्टोमायसिनही पिकू लागलं. क्षयाचं औषध. प्लेगचं औषध. मामांना टोचलेली नव्वदमधली काही तरी इंजेक्शनं इथलीच असतील असं मी धरून चालते.

माझा सगळ्यात लाडका भाग यापुढचा. एचएमध्ये एक संशोधन विभाग होता आणि त्यात एम. जे. तिरुमलाचार नावाचे बुरशीशास्त्रज्ञ. त्यांचं काम नव्या औषधांसाठी मातीत धुंडाळायचं. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं, खिरीसारख्या थिजलेल्या अन्नाच्या बशीवर पसरायचं आणि वाट बघायची. चार-पाच दिवसांनी खडूच्या भुकटीसारखे ठिपके उठतात. बशीचं झाकण किंचित उचललं की पहिल्या पावसाचा वास येतो. त्या एका ठिपक्याने आजूबाजूला दुसरं काहीच उगवू दिलं नसेल, तर त्याच्याकडे काहीतरी आहे! असा एक स्ट्रेप्टोमायसिस त्यांना भेटला. जंतूंना नाही, पण यीस्ट आणि बुरश्यांना तो झपाट्याने मारत होता. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं ते औषध १९६१ मध्ये जगापुढे आलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं हॅमायसिन. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरतो, दूध ओढता येत नाही, त्यावर ते लावत.

आणि त्या जंतूचं बारसं केलं: स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना.

पिंपरीचा! जगातल्या कुठल्याही जंतुशास्त्रज्ञाने ही नोंद काढली तर त्याला लॅटिनच्या वेषात आमची पिंपरी भेटते. पिंपरी म्हटलं की लोकांना मोटारी आठवतात, स्पेअर पार्ट आठवतात, भाजी मंडई आठवते. मला हा पांढरा ठिपका आठवतो.

टपरीसमोरच्या आवारात एवढी झाडं का, याचंही उत्तर या कथेत आहे. क्षयाची रुग्णालयं गावाबाहेर, झाडीत असायची, कारण मोकळी हवा हेच औषध मानलं जाई. तो विचार मोडला मद्रासने. १९५६ मध्ये तिथे सुरू झालेल्या केंद्राने झोपडपट्टीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला आरोग्यधामात ठेवून आणि दुसऱ्याला घरीच ठेवून गोळ्या दिल्या. घरी राहिलेल्यांना खायला कमी, खोली कोंदट, कामाचा रगाडा तसाच. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरी ठेवलेल्यांच्या बायकामुलांना रोग जास्त लागला असंही दिसलं नाही. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि साऱ्या जगाने क्षयरोग्याला घरी पाठवायला सुरुवात केली. ‘छातीचं’ म्हणून माणसाला घराबाहेर काढण्याचं कारणच संपलं होतं. समाजाला ते अजून पुरतं कळलेलं नाही. फाइल पदराखाली झाकणारी ती बाई त्याची साक्ष आहे.

एचएच्या टाक्या फार वर्षं तशा गरजत राहिल्या नाहीत. नव्वदच्या दशकात बाहेरून स्वस्त माल येऊ लागला, कंपनी आजारी उद्योगांत गेली, कामगारांचे पगार थकले. ज्यांनी अर्ध्या देशाचा ताप उतरवला त्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली, हे मला आजही नीट सोसवत नाही. जंतूही स्वस्थ बसले नाहीत. ज्या औषधांनी ते मरत होते त्यांतल्या अनेकांना ते सरावले. रोज इंजेक्शन टोचायचे ते दिवस गेले. आता बहुतेकांना गोळ्याच मिळतात, आणि मामांसारखे कान वाजण्याची वेळ कमी येते.

गेल्या वळवाला मी घरी होते. गॅलरीतल्या तुळशीची माती उन्हाने भेगाळली होती. पहिले थेंब पडले, वास सुटला, आणि मी वाकून भिंग लावलं. मातीच्या ढेकळाखालून मिलिमीटरभर लांबीचा एक पांढुरका, पंख नसलेला किडा टुणकन उडाला. हा स्प्रिंगटेल. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जिओस्मिनचा वास सुटतो तो याच्यासाठी. वासाच्या मागे हा येतो, स्ट्रेप्टोमायसिस खातो. त्या औषधी विषाचा त्याला त्रास होत नाही, ते पचवायची सोय त्याच्या पोटात आहे. जाताना अंगाला चिकटलेली आणि पोटात गेलेली बीजं तो पुढच्या ढेकळात नेऊन टाकतो. सांगवी फाट्यावर आपण सगळे डोळे मिटून छातीत भरून घेतो तो वास म्हणजे या इवल्या किड्याला मारलेली हाक. मी भिंग धरून बघत राहिले. तो पुन्हा उडाला, शेजारच्या मोगऱ्याच्या कुंडीत गेला आणि ओल्या मातीत दिसेनासा झाला.